झाकणाआतली मासोळी

१

कापड उचललं गेलं आणि पेटी रिकामी निघाली.

लाकडी पेटी जागच्या जागी होती. आतली निळी मखमल होती. मखमलीच्या मधोमध घड्याळाच्या आकाराचा गोल खळगाही होता. घड्याळ तेवढं नव्हतं.

‘ठेवा’ या कार्यक्रमात असं कधी झालं नव्हतं. लोक आपल्या घरातली जुनी, मोडकी, जिवापाड जपलेली वस्तू घेऊन यायचे, कारागीर ती महिनाभर खपून दुरुस्त करायचे आणि शेवटच्या प्रसंगात कापड उचललं की घरचे लोक रडायचे. ते रडणं बघायलाच दर रविवारी लाखभर माणसं टीव्हीपुढे बसायची. आज मात्र कापड धरलेला सूत्रसंचालक नुसता आ वासून उभा होता. त्याला सगळे गोडबोल्या म्हणत, आणि या माणसाला बोलायला शब्द सुचत नाहीत हे दृश्य युनिटने पहिल्यांदाच पाहिलं.

“आजोबांचं घड्याळ!” ज्या मुलीने घड्याळ आणलं होतं ती ओरडली. “कुठे गेलं?”

तिच्या शेजारी तिचे वडील उभे होते. या महिन्यात त्यांना साठ पूर्ण झाली होती आणि हा सगळा घाट लेकीने त्यांच्यासाठीच घातला होता. पलीकडे तिची आत्या होती, पेशाने डॉक्टर, पाठ ताठ. टेबलाच्या मागे, हात बांधून, घड्याळवाली उभी होती. तीन आठवडे तिने ते घड्याळ उघडून, धुऊन, जोडून चालतं केलं होतं.

“कट!” दिग्दर्शक किंचाळला. मग त्याची नजर फिरत फिरत एकाच माणसावर येऊन थांबली. “टाचणी!”

टाचणी म्हणजे कंटिन्युइटी बघणाऱ्या बाई. बावीस वर्षं त्या एकच काम करत होत्या: आधीच्या शॉटमध्ये जे जिथे होतं ते पुढच्या शॉटमध्ये तिथेच आहे ना, हे बघणं. पेला किती भरलेला होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, दाराची कडी लागलेली होती की नव्हती. सगळ्याचे फोटो काढायचे, सगळं लिहून ठेवायचं. कुठे सुतभर फरक पडला तरी त्या टोचायच्या, म्हणून टाचणी.

“शॉटआधी तुम्ही टेबल तपासलंत ना?” दिग्दर्शकाने विचारलं.

“तपासलं.”

“मग?”

टाचणीबाईंनी फोटो पुन्हा पाहिला. त्यांनी कापड तपासलं होतं. त्याच्या घड्या, त्याचा कोपरा, खालच्या पेटीमुळे आलेला उंचवटा, सगळं फोटोबरहुकूम होतं. कापडाखाली मात्र त्यांनी बघितलं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

“आता पोलिसांना बोलवावं लागेल,” दिग्दर्शक म्हणाला.

“कशाला पोलीस बिलीस?” वडील हसून म्हणाले. लेकीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला होता. “वस्तूच ती. गेली तर गेली. हवं तर तुमच्या माणसांची झडती घ्या आणि आम्हाला मोकळं करा. मी तोवर गाडीत बसतो.”

“अप्पा, तुम्ही कुठेही जायचं नाही!” लेकीने रडत रडत त्यांचा हात घट्ट धरला.

टाचणीबाईंनी दिग्दर्शकाला बाजूला घेतलं. “चार वाजेपर्यंत थांबा. दोन तास द्या मला.”

“तुम्हाला? तुम्ही काय करणार?”

“माझंच काम. कशात फरक पडलाय ते बघणार.”

“चार,” दिग्दर्शक म्हणाला. “चारला मी फोन लावणार. आणि घड्याळ मिळालं नाही, तर उद्यापासून तुम्ही येऊ नका.”

२

वेळांचा हिशोब सोपा होता. सकाळी अकराला पाहुणे आले. साडेअकराला घड्याळाचा शेवटचा क्लोजअप घेतला. बारा वीसला, पाहुणे बाहेर असताना, घड्याळवालीने युनिटच्या सगळ्यांदेखत घड्याळ पेटीत ठेवलं, त्यावर कापड टाकलं आणि टाचणीबाईंनी फोटो काढला. मग सगळे जेवायला गेले. पावणेदोनला शॉट, आणि पेटी रिकामी. जेवायच्या सुट्टीत हॉलला कुलूप नव्हतं. मोठ्या गोदामाचा हॉल केला होता; एका भिंतीला सुताराचं बाक, दुसऱ्या भिंतीला चामड्याचं काम, कोपऱ्यात मातीची भांडी जोडणारी बाई. पण ते तिघेही जेवणाच्या रांगेत आणि नंतर एकाच टेबलावर होते, आणि त्यांच्या बॅगा एव्हाना उलट्यापालट्या करून झाल्या होत्या.

सुट्टीत टेबलाजवळ दिसलेला एकच माणूस होता. गोडबोल्या.

“मी होतो,” तो ओशाळून म्हणाला. “पण घड्याळासाठी नाही हो. तिथला उजेड चांगला आहे. मी…” त्याने खिशातून एक इवलीशी बाटली काढली. डोळ्यात घालायचं औषध. “कापड उचललं की माझ्या डोळ्यात पाणी यावं लागतं. सत्तर भाग झाले, बाई. आता आपोआप नाही येत.”

टाचणीबाईंना हसू आलं. बावीस वर्षं त्या समजत होत्या की कोण कधी खोटं रडतं हे आपल्याला कळतं.

“तिथे आणखी कोण दिसलं?”

“मान वर करून थेंब घालत होतो. छताशिवाय काय दिसणार?”

मग त्यांनी मुलीला गाठलं. मेकअपच्या खोलीत ती वडिलांना बिलगून बसली होती. वडील तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

“घड्याळ तुला कुठे मिळालं, बाळ?”

“अप्पांच्या कपाटात. अगदी मागे, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेलं. मी हिवाळ्याचे कपडे काढत होते.” तिने डोळे पुसले. “अप्पा आयुष्यात कधी घड्याळ घालत नाहीत. मला वाटायचं, त्यांना आवडतच नाही. आजोबांच्या फोटोतलं हे घड्याळ बघितलं आणि वाटलं, त्यांच्या आठवणीने जपून ठेवलंय, बंद पडलंय म्हणून घालत नाहीत. म्हटलं, चालू करून देऊ. त्यांना काही कळू न देता.”

“गुणी आहे माझी पोर,” वडील म्हणाले. “बाई, आता तिला जास्त त्रास देऊ नका.”

“एकच विचारते. आत्याला बोलवायचं तुला कसं सुचलं?”

“मला नाही सुचलं. घड्याळवाल्या ताईंनी सांगितलं. म्हणाल्या, आजोबांची वस्तू आहे तर त्यांची मुलगी हवीच. दोनदा फोन करून आठवण केली त्यांनी.”

टाचणीबाईंनी वहीत ते टिपून घेतलं. कारागीर पाहुण्यांना फोन करत नाहीत. ते युनिटचं काम.

आत्या बाहेर पायरीवर एकट्याच बसल्या होत्या. टाचणीबाई शेजारी बसल्या.

“तुमच्या वडिलांचं घड्याळ असं हरवावं, वाईट वाटलं असेल.”

आत्यांनी त्यांच्याकडे सावकाश वळून पाहिलं. “मला तेच कळत नाहीये. पोरीने मला सांगितलं नव्हतं काय वस्तू आहे ते. मला आत्ता त्या आरडाओरड्यात कळलं.”

“काय कळलं?”

“आमच्या वडिलांकडे एकच घड्याळ होतं,” आत्या म्हणाल्या. “आणि ते एकतीस वर्षांपूर्वी चोरीला गेलं. चोर तुरुंगातही जाऊन आला.”

३

“मी वैद्यकीची शेवटची परीक्षा पास झाले तेव्हाची गोष्ट,” आत्या सांगू लागल्या. “बाबा म्हणाले, माझं घड्याळ आता हिचं. रोग्याची नाडी बघायला लागेल. दादा मोठा, मुलगा, त्याला वाटत होतं आपल्यालाच मिळणार. पण बाबांनी एकदा ठरवलं की ठरवलं. मला देण्याआधी त्यांनी ते साफ करायला पाठवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक घड्याळजी होता. साधा माणूस. घरचाच असल्यासारखा, पावती बिवती काही नसायची. आठवडा झाला, घड्याळ आलं नाही. विचारलं तर तो म्हणाला, शनिवारी मी स्वतः तुमच्या दारात येऊन दादांच्या हातात दिलं. दादा म्हणाला, छे! मी तर याला बघितलंही नाही.”

“आणि घरच्यांनी दादांवर विश्वास ठेवला.”

“घरचा मुलगा आणि एक घड्याळजी. विश्वास कुणावर ठेवणार? पोलीस आले, दुकान उचकटलं. त्याला सहा महिन्यांची सजा झाली. सुटून आल्यावर लोक त्याच्या दुकानात बंद पडलेलं घड्याळसुद्धा नेईनात. दोन वर्षांत गेला म्हणे.” आत्यांनी दोन्ही तळवे एकमेकांवर दाबले. “बाई, पोरगी आत्ता म्हणाली तसं ते घड्याळ जर दादाच्या कपाटात होतं…”

त्यांनी हॉलच्या दाराकडे पाहिलं.

“त्या घड्याळजीला मुलंबाळं?”

“एक मुलगी होती बारकी. दुकानात स्टुलावर बसायची, पाय लोंबकळत.”

टाचणीबाई उठल्या आणि तडक एडिटिंगच्या खोलीत गेल्या. साडेअकराचा क्लोजअप त्यांनी लावून घेतला. चांदीचं घड्याळ, घड्याळवालीची बोटं, मागचं झाकण उघडतंय. झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने कोरल्यासारखी एक एवढीशी मासोळी आणि तिच्याखाली एक तारीख. एकतीस वर्षांपूर्वीची. घड्याळजी लोक दुरुस्ती केली की आत अशी आपापली खूण करतात, हे त्यांना ठाऊक होतं. कॅमेरा त्या खुणेवर तब्बल अकरा सेकंद थांबला होता.

“इतका वेळ का रे धरलास?” त्यांनी कॅमेरामनला विचारलं.

“घड्याळवाल्या ताई म्हणाल्या. धरून ठेव, मी सांगेपर्यंत हलू नकोस म्हणाल्या.”

टाचणीबाईंनी सेटचे आपले जुने फोटो काढले. सुताराचं बाक, चामड्याचं बाक, घड्याळवालीचं बाक. तिथे तिचे चिमटे, ब्रश, डोळ्याला लावायचं भिंग आणि लाकडी मुठीचे बारीक स्क्रू ड्रायव्हर एका ओळीत मांडलेले. मुठी जुन्या, हाताच्या घामाने काळ्या पडलेल्या. त्यांनी फोटो मोठा केला.

प्रत्येक मुठीवर एक मासोळी कोरलेली होती.

४

घड्याळवाली आपल्या बाकावर बसून हत्यारं पुसत होती. टाचणीबाई समोर उभ्या राहिल्या तेव्हा तिने मान वर केली नाही.

“मला वाटलंच होतं, तुम्हीच याल,” ती म्हणाली. “बाकी कुणाला काही दिसत नाही इथे.”

“ही हत्यारं वडिलांची?”

“हो. जप्तीत एवढीच वाचली. आईने पिठाच्या डब्यात लपवली होती.”

“कधी ओळखलंत घड्याळ?”

“पहिल्याच दिवशी. झाकण उघडलं आणि बाबांची मासोळी समोर. डोळ्यावरचं भिंग पडलं खाली.” तिने पुढचा स्क्रू ड्रायव्हर पुसायला घेतला. “तीन आठवडे मी ते घड्याळ साफ केलं. एकेक दात, एकेक खिळा. बाबांनी केलं असतं त्याहून चांगलं केलं. तसं काम मी आयुष्यात कुणासाठी केलं नाही.”

“त्याच वेळी कुणाला सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू? आणि काय होणार होतं? ते गृहस्थ म्हणाले असते, हो का, अरेरे, चूक झाली असेल. चहा पाजला असता मला.” आता तिने वर पाहिलं. “मला ते कापड उचललेलं हवं होतं. लेक शेजारी, बहीण शेजारी, समोर कॅमेरा. मी झाकण उघडून दाखवणार होते. म्हणणार होते, ही खूण माझ्या वडिलांची. साहेब, हे घड्याळ त्या शनिवारी तुमच्या दारात कुणी घेतलं? आणि मग गप्प बसणार होते. ते काय बोलतात ते सगळ्या जगाला बघू दे.”

“म्हणून आत्यांना बोलावून घेतलंत.”

“म्हणून.”

“त्या मुलीचा काय दोष? तिला काही ठाऊक नव्हतं. बापावरच्या मायेने आली बिचारी.”

“ठाऊक आहे मला.” घड्याळवालीने चिमटा खाली ठेवला. “मी अकरा वर्षांची होते. मलाही काही ठाऊक नव्हतं. शाळेत मुली मला बघून दप्तरं छातीशी धरायच्या.”

टाचणीबाईंनी ओळीत मांडलेल्या मासोळ्यांवर नजर फिरवली.

“घड्याळ तुम्ही नाही घेतलंत,” त्या शेवटी म्हणाल्या.

“कशावरून?”

“तुम्हाला ते दिसायला हवं होतं. ते नाहीसं झाल्यामुळे या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त नुकसान तुमचं झालं. एकतीस वर्षांत एकदाच आलेली संधी. कापड उचललं तेव्हा सगळे टेबलाकडे बघत होते. तुम्ही टेबलाकडे बघितलंच नाहीत. तुम्ही मुलीच्या वडिलांकडे बघितलंत.”

घड्याळवालीचा चेहरा पहिल्यांदा हलला. “बघून काय उपयोग? सिद्ध कसं करणार? तो माणूस लेकीला धरून बसलाय. चार वाजले की निघून जाईल.”

टाचणीबाईंनी भिंतीवर पाहिलं. तीन वाजून वीस मिनिटं.

५

वडिलांनी घड्याळ घेतलं असेल तर कापड उचलण्याआधी त्यांना कळलं कसं, की खाली काय आहे? त्यांना तर काहीच सांगितलेलं नव्हतं. उत्तर मेकअपवालीने दिलं. मेकअपच्या खोलीत एक छोटा टीव्ही असतो. सेटवर जे चित्रित होतं ते त्यावर दिसतं. साडेअकराला साहेब खुर्चीत होते. अर्ध्या तोंडाला पावडर लागली आणि ते एकदम उठून उभे राहिले. पोटात कळ आली म्हणाले. जेवणातूनही तेच सांगून मध्येच उठून गेले.

“टीव्हीवर तेव्हा काय चाललं होतं?”

“घड्याळ. मागून उघडलेलं. किती वेळ तेच धरून ठेवलं होतं.”

टाचणीबाईंनी आपले फोटो शेजारी शेजारी लावले. सकाळी अकराला साहेब आले तेव्हा कोट उघडा, हात खिशात, ढेरी पुढे. पावणेदोनला शॉटसाठी उभे राहिले तेव्हा कोटाची तिन्ही बटणं लावलेली. हॉलमध्ये दिव्यांमुळे इतकं उकडत होतं, की गोडबोल्याच्या मानेवरचा रंग ओघळत होता.

फरक सापडला होता. पण बटणं लावली म्हणून कुणी चोर ठरत नाही. पाहुण्याच्या अंगाला हात लावायची सोय नव्हती, आणि चुकून तिथे घड्याळ नसलंच तर टाचणीबाईंनी तोंड कुठे लपवायचं?

त्या पुन्हा तो शेवटचा शॉट आठवू लागल्या. सगळे जागेवर. कॅमेरा चालू. गोडबोल्याने कापडाला हात घातला, आणि मध्येच आवाज रेकॉर्ड करणारा म्हणाला होता… काय म्हणाला होता? त्यांनी वही उघडली. त्या सगळंच लिहून ठेवत. ‘साउंडची तक्रार: माइकमध्ये किरकिर. दिग्दर्शक: नंतर साफ कर.’

साउंडवाला एका कोपऱ्यात वायरी गुंडाळत होता.

“अरे, ती किरकिर कुणाच्या माइकमध्ये होती?”

“बघितलं कुठे, बाई? तेवढ्यात बोंबाबोंब झाली आणि मी हेडफोन काढून ठेवला.”

“प्रत्येकाचा माइक वेगळा रेकॉर्ड होतो ना?”

“वेगळा.”

“चल,” टाचणीबाई म्हणाल्या. “आणि तो मोठा स्पीकर घे.”

६

चारला पाच कमी असताना सगळे सेटवर जमले. दिग्दर्शकाच्या हातात फोन होता. टाचणीबाई टेबलापाशी उभ्या राहिल्या.

“चोर कोण हे मी सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच ऐका. शॉटमध्ये चौघांच्या छातीवर माइक होते. आपण एकेक ऐकू.”

साउंडवाल्याने बटण दाबलं. पहिला गोडबोल्याचा माइक. श्वास, गिळलेला आवंढा. दुसरा आत्यांचा. जवळजवळ शांतता. तिसरा मुलीचा. तिच्या गळ्यातल्या माळेचे मणी एकमेकांवर घासत होते, आणि ती स्वतःशीच पुटपुटत होती, “अप्पा आता बघतील, अप्पा आता बघतील.”

मुलीने मान खाली घातली.

चौथा माइक लागला. त्या मोठ्या हॉलमध्ये आवाज पसरला. बारीक, भरभर, न थांबणारा. टिकटिकटिकटिकटिक.

घड्याळवालीने डोळे मिटले होते आणि तिचे ओठ मोजत होते.

“सेकंदाला पाच,” ती म्हणाली. “माझ्या हाताने लावलेली चाल.”

“मूर्खपणा आहे,” वडील म्हणाले. “माझ्या मनगटावरचं घड्याळ असेल.”

“सेलवरचं घड्याळ सेकंदाला एकदाच वाजतं,” टाचणीबाई म्हणाल्या. “आणि साहेब, तुमच्या मनगटावर…”

त्यांना वाक्य पुरं करावं लागलं नाही. मुलगी वडिलांच्या हाताकडे बघत होती. कोटाच्या बाहीखाली मनगट उघडं होतं, नेहमीसारखं. तिने त्यांचा धरलेला हात हळूच सोडून दिला.

आत्या उठल्या आणि भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. “दादा, काढ.”

“ताई, तू यात…” साठ वर्षांचा माणूस धाकट्या बहिणीला ताई म्हणाला आणि आपण काय बोललो हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

“काढ म्हणते ना.”

त्यांनी बटणं सोडली. आतल्या खिशातून घड्याळ निघालं. आता स्पीकर बंद होता तरी टिकटिक ऐकू येत होती.

“चार दिवसच ठेवणार होतो,” ते खाली बघत बोलू लागले. “बाबांनी सगळ्यांसमोर ते तुला देतो म्हटलं. मोठा मी. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. तो शनिवारी दारात आला, त्याने माझ्या हातात दिलं. म्हटलं, चार दिवस शोधू देत. मग बाबांनी परस्पर पोलिसांत कळवलं. मग कसं सांगणार होतो मी? तुम्हीच सांगा, कसं सांगणार होतो?”

“तोंडाने,” घड्याळवाली म्हणाली.

ती टेबलाला वळसा घालून पुढे आली. “माझ्या वडिलांना तुम्ही कोर्टात ओळख दिली नाहीत. ते पिंजऱ्यातून म्हणाले होते, दादा, एकदा माझ्याकडे बघून बोला. तुम्ही बघितलं नाहीत. आता त्या कॅमेऱ्याकडे बघा आणि हेच सगळं पहिल्यापासून बोला.”

दिग्दर्शकाने फोन केव्हाच खिशात टाकला होता. त्याने कॅमेरामनला नुसती खूण केली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा आधीपासूनच चालू होता.

“हे दाखवता येणार नाही,” वडील एकदम सावरून म्हणाले. “कायदा मला कळतो. घरच्यांच्या सहीशिवाय तुम्ही काहीही दाखवू शकत नाही. अर्ज माझ्या मुलीचा आहे. ती सही करणार नाही.”

ते खरं होतं. परवानगीचा कागद टाचणीबाईंच्याच वहीत होता, सही न झालेला. शॉट झाल्यावर अर्ज करणाऱ्याची, सगळ्या घराच्या वतीने, एकच सही घ्यायची पद्धत होती.

घड्याळवालीने तो कागद मागून घेतला आणि टेबलावर मुलीपुढे ठेवला. शेजारी पेन ठेवलं. ती मुलीला काही म्हणाली नाही. विनंती नाही, धमकी नाही.

“बाळा, चल घरी,” वडील म्हणाले. “एकतीस वर्षं झाली त्या गोष्टीला. कुणाला आठवतंय आता? तो माणूससुद्धा राहिला नाही.”

मुलीने घड्याळवालीकडे पाहिलं. “तुमच्या आई आहेत?”

“आहे. त्याच गल्लीत, त्याच घरात.”

“दुसरीकडे का नाही गेलात?”

“आई म्हणाली, गेलो तर चोरी कबूल केल्यासारखं होईल.”

मुलगी कागदाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि गोडबोल्या, ज्याचं काम अशा वेळी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवायचं होतं, तो मागच्या मागे सरकला. त्याचे स्वतःचे डोळे भरले होते. औषधाविना.

“अप्पा,” ती म्हणाली, “‘तो माणूससुद्धा राहिला नाही’ असं म्हणालात तुम्ही. हेच म्हणायला नको होतं.”

तिने सही केली.

मग वडील बोलले. तीनदा अडखळले, तीनदा घड्याळवालीने त्यांना पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं. तिसऱ्यांदा टाचणीबाईंनाच बघवेना. त्या तिच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, “पुरे आता. म्हातारा झालाय तो.”

“बाबा बेचाळीसचे होते,” घड्याळवाली म्हणाली. “पुन्हा.”

७

घड्याळ आत्यांना मिळालं. त्यांनी ते घड्याळवालीला देऊ केलं, तिने घेतलं नाही. मुलगी वडिलांच्या घरून निघाली आणि आत्यांकडे राहायला गेली, असं पुढे कानावर आलं. टाचणीबाईंची नोकरी टिकली. दिग्दर्शकाने त्यांना सगळ्यांसमोर शाबासकीसुद्धा दिली, पण त्या दिवसाचे फोटो त्यांनी नेहमीच्या कप्प्यात लावले नाहीत. कागदावर वाकलेल्या त्या मुलीचा एक फोटो होता. तो त्यांना पुन्हा बघायचा नव्हता.

तो भाग दाखवायचा होता त्या रविवारी घड्याळवालीने त्यांना घरी बोलावलं. अरुंद गल्ली होती, दोन्ही बाजूंना दारासमोर दार. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता. उन्हामुळे सगळी दारं ओढून घेतलेली होती. आत एका खुर्चीत पंच्याहत्तरीची, हाडं उरलेली म्हातारी बसली होती. तिने टाचणीबाईंना बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड केलं.

कार्यक्रम सुरू झाला. गोडबोल्याचं प्रास्ताविक, जाहिराती, मग हॉल, मग टेबल. म्हातारी हात मांडीवर ठेवून बघत होती. पडद्यावर तो चेहरा आला तेव्हा तिने मुलीला विचारलं, “हाच ना?”

“हाच.”

“म्हातारा झाला.”

“हो, आई.”

“थांब जरा.” म्हातारी खुर्चीचे हात धरून उभी राहिली. घड्याळवाली पुढे धावली, पण तिने तिला बाजूला सारलं. ती दारापाशी गेली, कडी काढली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. मग एक खिडकी. मग दुसरी.

“आता आवाज वाढव,” ती म्हणाली.

घड्याळवालीने आवाज वाढवला. “तो शनिवारी दारात आला,” पडद्यावरचा माणूस म्हणत होता, “त्याने माझ्या हातात दिलं…”

“आणखी.”

शब्द दारातून बाहेर पडून गल्लीत गेले. समोरच्या भिंतीवर आपटून परत आले. पलीकडे कुणाचा तरी रेडिओ बंद झाला. मग समोरचं दार किलकिलं झालं आणि एक म्हातारा उंबऱ्यावर आला. एके काळी याच माणसाने पोलिसांना घड्याळजीचं घर दाखवलं होतं, आणि तेव्हापासून तो या दाराकडे न बघता रस्ता ओलांडायचा. त्याच्या मागे त्याची बायको आली. शेजारचं दार उघडलं. त्याच्या शेजारचं.

टाचणीबाईंनी हळूच सांगितलं, “आजी, लोक बाहेर येऊन उभे राहिलेत.”

म्हातारी मागे वळली नाही. ती सावकाश आपल्या खुर्चीत येऊन बसली, दाराकडे पाठ करून.

“राहू देत उभे,” ती म्हणाली. “आणखी वाढव.”